लिम्फोसाइट ५८ आणि समोर लाल एच: बालवाडीतल्या पोराचा रिपोर्ट बघून घाबरलेल्या आईला

पत्र:

काकी, मी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या गावातून लिहिते. मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा. जूनमध्ये बालवाडीत घातला आणि तेव्हापासून चार वेळा ताप-सर्दी झाली, एकदा कान दुखला. गणेश चवथीनंतर परत ताप आला म्हणून डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करायला सांगितली. रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ९,८००, न्यूट्रोफिल ३२ आणि समोर लाल एल, लिम्फोसाइट ५८ आणि समोर लाल एच, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ५, बेसोफिल ०. हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट ३ लाख १० हजार. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, ठीक आहे, पण बाहेर गर्दी होती, मला काही विचारायला जमलं नाही. घरी येऊन गुगल केलं तर लिम्फोसाइट वाढले म्हणजे ब्लड कॅन्सर असं आलं. नणंद म्हणते ह्याची इम्युनिटीच कमी, तिने फार्मसीतून ६५० रुपयांचं इम्युनिटी सिरप आणून दिलंय. सासूबाई रोज दिष्ट काढतात. मिस्टर बोटीवर असतात, त्यांना अजून सांगितलं नाही. पाच दिवस नीट झोपले नाही. ह्या पेशी नक्की करतात तरी काय, माझ्या पोराची इम्युनिटी खरंच कमी आहे का, आणि सिरप देऊ का? — एक आई

उत्तर:

अगं बाय, आधी हे ऐक आणि मग बाकीचं वाच. तू जे आकडे लिहिलेस ते साडेतीन वर्षांच्या, नुकताच व्हायरल ताप येऊन गेलेल्या पोराचे आकडे असतात तसेच आहेत. लाल एल (लो, म्हणजे कमी) आणि लाल एच (हाय, म्हणजे जास्त) आलेत ते लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये मोठ्या माणसांची रेंज भरलेली असते म्हणून. मोठ्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के आणि लिम्फोसाइट २० ते ४० टक्के असतात, लहान पोरांचं उलटं असतं. जन्मल्यावर पहिले थोडे दिवस न्यूट्रोफिल जास्त, मग आठवडाभरात लिम्फोसाइट पुढे जातात ते साधारण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत पुढेच राहतात, आणि मग हळूहळू मोठ्यांसारखं होतं. म्हणजे तुझ्या पोराचे ५८ हे त्याच्या वयाला शोभणारेच आहेत. मी २७ वर्षं लॅबमध्ये काढली, मी होते तिथेही प्रिंटरमधून मोठ्यांचीच रेंज छापून यायची, आणि असा कागद हातात घेऊन रडणाऱ्या आया मी काउंटरवर कितीतरी बघितल्या. त्याचं मला तेव्हाही फार वाईट वाटायचं आणि आजही वाटतं. रिपोर्टवर वय छापलेलं असतं, मग रेंज वयाची का छापत नाहीत.

आता अजून एक गणित कर, मोबाईलवर होतं. टक्के बघायचे नाहीत, टोटल काउंटला टक्क्यांनी गुणायचं. ९,८०० चे ३२ टक्के म्हणजे ३,१३६. एवढे न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटर रक्तात आहेत. डॉक्टर लोक काळजी करायला लागतात ती १,५०० च्या खाली गेल्यावर, आणि ५०० च्या खाली गेलं तर मग खरी धावपळ. तुझं पोर ३,१३६ वर आहे, म्हणजे लाल एल असूनही न्यूट्रोफिल भरपूर आहेत. टक्के हे एकमेकांशी बांधलेले असतात ना, एक वाढला की दुसरा आपोआप कमी दिसतो, शंभराच्या वर तर जाता येत नाही. आणि पूर्वी आम्ही हाताने मोजायचो तेव्हा शंभर पेशी मोजून टक्के काढायचो, तीच स्लाइड दुसऱ्याने मोजली तर ५८ चे ५४ किंवा ६२ सहज यायचे. आता मशीन हजारो पेशी मोजतं म्हणून फरक कमी पडतो, तरी दोन-चार टक्क्यांवर रात्रीची झोप घालवण्यासारखं काही नसतं.

ह्या पेशी करतात काय ते तू विचारलंस हे मला फार आवडलं, कारण ते एकदा कळलं की अर्धी भीती जाते. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरायचा, लेशमन स्टेन नावाचा रंग घालायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत मधे मधे जांभळे ठिपके दिसतात त्या पांढऱ्या पेशी. मोठ्यांच्या स्लाइडवर सगळ्यात जास्त दिसतो तो न्यूट्रोफिल, त्याचं केंद्रक एकसंध नसतं, तीन-चार तुकडे दोऱ्याने जोडल्यासारखे. हा पहिला धावून जाणारा. पायात काटा रुतला, कापलं, बॅक्टेरिया आत शिरले की काही तासांत हे तिथे जमतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. काटा रुतलेल्या जागी जो पू होतो ना तो मुख्य म्हणजे हेच मेलेले न्यूट्रोफिल. आयुष्य फार थोडं, रक्तात आल्यावर साधारण एखादा दिवस, म्हणून आपला हाडातला मगज रोज साधारण १०० अब्ज नवे तयार करतो, कसलाही गाजावाजा नाही, तू झोपलेली असताना पण काम चालूच. २००४ मध्ये अजून एक गोष्ट समजली, काही न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकतात. मासे धरायला पागेराचं जाळं टाकतात तसंच. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असलं की बहुतेक वेळा हे वाढतात, व्हायरलमध्ये उलट थोडे दिवस कमी होतात आणि मग आपले आपण भरून येतात.

मोनोसाइट मला ओळखायला सगळ्यात सोपा वाटायचा, मोठी पेशी आणि केंद्रक काजूच्या बीसारखं वाकलेलं. हा रक्तात एक-दोन दिवस फिरतो आणि मग रक्तातून बाहेर पडून अवयवांत शिरतो आणि मॅक्रोफेज होतो, म्हणजे मोठा खादाड. फुप्फुसात वेगळा, लिव्हरमध्ये वेगळा, मेंदूत वेगळा, प्रत्येक ठिकाणी त्याचे भाऊबंद ठाण मांडून असतात, मेलेल्या पेशी, धूळ, जंतू सगळं साफ करतात. हे खादाड पेशींचं काम पहिल्यांदा नीट ओळखलं ते मेचनिकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ मध्ये, इटलीतल्या मेसिना गावी समुद्राकाठी. तारामाशाची अळी काचेसारखी आरपार दिसते, तिच्यात त्याने बारीक काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. त्याला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात, बांधावर किती काटे रुततात, पण त्याच्याकडे असं बघायचं कुणाच्या मनात आलं असतं.

इओसिनोफिल म्हणजे अबोली. खरंच सांगते, आत अबोलीच्या रंगाचे दाणे गच्च भरलेले असतात, स्लाइडवर दिसला की डोळ्याला बरं वाटतं. ह्याचं काम मोठ्या शत्रूंशी, पोटातले जंत वगैरे जे एका पेशीला गिळता येत नाहीत त्यांच्यावर हे दाण्यातलं विष ओततात. दमा, ॲलर्जी असली तरी हे वाढतात. तुझ्या पोराचे ५ टक्के म्हणजे ४९०, ठीकच आहे, ५०० च्या वर गेलं की वाढलं म्हणतात. म्हणजे अगदी काठावर आहे म्हणून एवढंच विचारते की जंताची गोळी कधी दिलीस? फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत ती फुकट देतात, ऑगस्टची ह्या तापाच्या गडबडीत चुकली असेल तर डॉक्टरांना विचारून देऊन टाक. बेसोफिल शंभरात एखादा, कधी एकही नाही, काळ्या मिऱ्यासारखा दिसतो, शून्य आलं म्हणून घाबरायचं काही नाही. त्याचं आणि कातडीत बसलेल्या मास्ट सेलचं काम जवळजवळ सारखं, दोघेही हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. मुंगी चावल्यावर जी गांध उठते ती मास्ट सेलच्या हिस्टामिनने.

आता लिम्फोसाइट, ज्याने तुझी झोप उडवली. करवंदासारखं गोल गच्च केंद्रक, बाजूला पातळशी निळी कड, बस. दिसायला साधा पण सगळ्यात हुशार हाच. गंमत अशी की मायक्रोस्कोपखाली हा टी आहे की बी आहे ते मलाही कधी कळलं नाही, कोणालाच कळत नाही, त्यासाठी वेगळ्या मशीनवर वेगळी टेस्ट करावी लागते. बी पेशी अँटिबॉडी बनवतात, म्हणजे त्या त्या जंतूला चिकटणारे खास प्रोटीन. टी पेशींत दोन मोठे प्रकार. एक जो व्हायरस शिरलेली आपलीच पेशी ओळखून मारतो, कारण व्हायरस एकदा पेशीच्या आत लपला की अँटिबॉडी तिथे पोचत नाही, मग ते घरच पाडावं लागतं. दुसरा मदतनीस, हा स्वतः मारत नाही पण बाकीच्यांना कामाला लावतो, आणि तो गेला की काय होतं ते एचआयव्हीने दाखवलं, एचआयव्ही ह्याच मदतनीस पेशी संपवतो म्हणून साधे साधे जंतूसुद्धा माणसाला जड जातात. लिम्फोसाइटमधला टी आणि बी नंतरचा तिसरा भाऊ एनके सेल, त्याला ओळख पटवायला आधीचं शिक्षण लागत नाही. आपली जवळजवळ प्रत्येक चांगली पेशी बाहेर एक ओळखपत्र लावून असते, काही व्हायरस लपायला म्हणून ते ओळखपत्रच काढून टाकतात, आणि एनके सेल नेमकं तेच तपासतो, ओळखपत्र दिसलं नाही की मारतो.

टी पेशी शिकतात कुठे ते बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे. तिचं हे काम १९६१ मध्ये जॅक मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर दाखवून दिलं, त्याआधी ती बिनकामाची समजायचे. लहान पोरांच्या एक्स-रेत ती होडीच्या शिडासारखी मोठी दिसते, वयात आल्यावर आकसत जाते. तिथली परीक्षा फार कडक, शंभर पोरं बसली तर दोन-चार पास, कारण जी पेशी आपल्याच शरीरावर उठेल असं वाटतं तिला बाहेर सोडतच नाहीत. तुझ्या पोराची ही शाळा आत्ता ऐन भरात आहे. बालवाडीत त्याला जो सर्दीचा व्हायरस पहिल्यांदा भेटतो तो त्याच्या लिम्फोसाइटना पण पहिल्यांदाच भेटतो. काखेतल्या, गळ्यातल्या गाठींत डेंड्रिटिक पेशी त्या व्हायरसचा तुकडा घेऊन जातात आणि एकेका लिम्फोसाइटला दाखवत बसतात, ओळखणारा सापडला की तो एकाचे हजारो होतो. ह्याला पहिल्या वेळी आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून ताप-सर्दी होऊनच जाते, पण त्यातले काही मागे राहतात आठवण म्हणून आणि तोच व्हायरस परत आला तर दोन-तीन दिवसांत आवरतात. सर्दीचे व्हायरस शेकड्याने आहेत म्हणून हा अभ्यास काही वर्षं चालतो. बालवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षाला सहा ते आठ सर्दी-ताप हे धरून चालायचं, काहींना दहा पण होतात. त्यात चवथीला मूळ घरी चाळीस माणसं, मुंबईहून आलेले, बेळगावहून आलेले, सगळ्यांनी पोराला उचलून मुका घ्यायचा. त्याला जूनपासून चार वेळा झालं ना? मला ते कमी इम्युनिटी वाटत नाही, शिकणारी इम्युनिटी वाटते.

आता सिरपचं. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नकोस. इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे की पंप लावला आणि पातळी वर गेली. एवढ्या सगळ्या पेशी वर वाचल्यास, त्यातली कुठली वाढवणार ते सिरप? इओसिनोफिल वाढले तर ॲलर्जी, टी पेशी आपल्यावरच उलटल्या तर पोराला टाइप १ डायबेटिस, कारण तिथे टी पेशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. शरीर इम्युनिटी वाढवण्यावर जेवढी मेहनत घेतं तेवढीच ती आवरण्यावर घेतं. त्यासाठी वेगळ्या टी पेशी असतात, रेग्युलेटरी म्हणतात, बाकीच्यांना थांबवणाऱ्या. त्या शोधल्याबद्दल २०२५ चं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल या शास्त्रज्ञांना मिळालं. झिंक, लोह, व्हिटॅमिन कमी पडलं तर पेशी नीट काम करत नाहीत हे खरं आहे, पण ते ज्याला कमी आहे त्याला डॉक्टर मोजून देतात. तुझ्या पोराचं हिमोग्लोबिन ११.२ आहे, पाच वर्षांखालच्या पोराला ११ च्या वर पाहिजे, म्हणजे काठाच्या वर आहे पण फार वर नाही. त्या ६५० रुपयांची अंडी, नाचणी, हिरवी भाजी, ताजी मासळी घे, पेजेबरोबर मोड आलेल्या मुगाची मुगागाठी कर. नणंदेने मायेनेच आणलंय, तिच्याशी भांडू नकोस, सील फोडलं नसेल तर बिल घेऊन परत दे.

खरं बूस्टर काय असतं ते तुझ्याकडे आधीच आहे, लसीकरणाचं कार्ड. लस म्हणजे लिम्फोसाइटना आजार न देता शत्रू दाखवणं, बाकी काही नाही. कार्ड काढून बघ, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आणि दीड वर्षाचा डीपीटी बूस्टर झालाय ना, नसेल तर हेल्थ सेंटरवर जा, उशिरा पण देतात. पुढचा बूस्टर पाच-सहा वर्षांचा झाल्यावर.

सासूबाई दिष्ट काढतात ते काढू देत, मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकल्याने पोराचं काही बिघडत नाही आणि म्हातारीच्या जिवाला बरं वाटतं. फक्त तो धूर पोराच्या नाकाशी नको, खोकला असला की त्रास होतो.

ब्लड कॅन्सरचं पण मी टाळणार नाही, कारण ते मनात राहिलं तर आतून पोखरत राहतं. ल्युकेमियात एकट्या लिम्फोसाइटचे टक्के वर जाऊन थांबत नाहीत, मगजातली जागाच खराब पेशींनी भरते म्हणून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही बहुतेक वेळा खाली येतात, आणि स्लाइडवर ब्लास्ट नावाच्या कच्च्या पेशी दिसतात, त्या दिसल्या की लॅब रिपोर्टात लिहिल्याशिवाय आणि डॉक्टरांना फोन केल्याशिवाय राहत नाही. तुझ्या पोराच्या प्लेटलेट ३ लाख १० हजार आहेत. पोर फिकट पडत चाललंय, न आपटता अंगावर निळे डाग किंवा लाल बारीक ठिपके येतात, रात्री पाय-हाडं दुखून रडतं, गळ्यातल्या गाठी वाढतच जातात, ताप दोन आठवडे हटत नाही, ह्यातलं काही असेल तर मात्र वाट बघू नकोस. तसंच वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार-पाच वेळा कान वाहणं, तोंडातला पांढरा बुरा औषधाने पण न जाणं, वजन न वाढणं, असं असलं तर खरोखर इम्युनिटीची तपासणी करायची, त्याला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या पोरांच्या विभागात दाखवता येतं. एकदा कान दुखला ते ह्यात येत नाही.

दिवस पावसाळ्याचे आहेत म्हणून एक जास्तीचं सांगते. पुढचा ताप आला आणि तो सर्दी-खोकल्याशिवाय नुसता जोराचा ताप, डोळ्यामागे दुखणं, अंगदुखी असा आला तर डेंग्यू डोक्यात ठेव. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ नावाची रक्ताची टेस्ट होते. पॅरासिटामॉल सोडून दुसरी तापाची गोळी, आयब्युप्रोफेन वगैरे, आपल्या मनाने अजिबात देऊ नकोस. आणि डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात, तेव्हाच नीट लक्ष द्यायचं असतं, पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, पोर मलूल होणं, लघवी कमी होणं, ह्यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. तिथे पण पेशींचाच खेळ असतो. डेंग्यूचे चार प्रकार, एकाची अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पुरत नाही, उलट कधी कधी त्या अर्धवट चिकटलेल्या अँटिबॉडीमुळे व्हायरसला पेशीत शिरायला वाट मिळते म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जड जाऊ शकतो. परसातल्या करवंट्या आणि टायर आजच पालथे कर.

आता पुढे काय करायचं. ताप जाऊन तीन-चार आठवडे झाले की डॉक्टरांना विचार, परत सीबीसी करायची गरज आहे का, बहुतेक नाहीच म्हणतील. केलीच तर लॅबमध्ये आधी सांग की मुलांची रेंज छापा, आणि पोराचं वय फॉर्मवर नीट लिही. डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीन प्रश्न लिहून ने आणि कितीही गर्दी असली तरी ते विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस, तो तुझा हक्क आहे. प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नकोस, ते बॅक्टेरियाचं औषध, व्हायरसवर त्याचा काही उपयोग नसतो.

आणि नवऱ्याला सांग गं. समुद्रावर असला तरी बाप आहे, पाच दिवस तू एकटीनेच हे ओझं वागवलंस. रात्री नेट मिळालं की रिपोर्टचा फोटो काढून पाठव, पण पाठवायच्या आधी त्या लाल एलच्या बाजूला पेनाने ३,१३६ लिही, आणि हे पत्रसुद्धा जोड, म्हणजे तो पण तिथे गुगल करत बसणार नाही.